पालक म्हणून केलेली सही

माझ्या भावाच्या कॉलेजच्या कागदांवर पालक म्हणून माझं नाव होतं. निजामाचं राज्य गेलं त्याच्या दुसऱ्या वर्षी बाप वारला. आई त्याच्याही आधी गेली होती. नवऱ्यानं दुसरी बायको केली तेव्हा मी घनसावंगीजवळच्या आमच्या गावी परत आले. त्यावर इथं लिहिण्यासारखं काही नाही. घरात मी, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान भाऊ आणि मेंढरं, एवढेच होतो. मी चौथी पास होते. साठ सालाच्या आधी दोन-तीन वर्षं भाऊ मॅट्रिक झाला. आमच्या भावकीत कोणी कॉलेज बघितलं नव्हतं. कॉलेजात त्याचं नाव घालायला आम्ही दोघं शहराकडं निघालो. अंबडला बस बदलली, जालन्याला बदलली आणि दुपारी पोचलो.

खिडकीमागच्या कारकुनानं विचारलं, "पालक कोण?"

"ही. माझी अक्का."

"पुरुष माणूस न्हाई का घरात?"

"हायेत की," भाऊ म्हणाला. "चार मेंढे हायेत. पण त्यांना सही येत न्हाई."

कारकून हसला नाही. त्यानं शाईची डबी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाला, "बाई, अंगठा द्या इथं." मी म्हटलं, "मला सही येते," आणि टाक मागून घेतला. वेळ लागला, पण अक्षर नीट आलं. त्या दिवशी भाऊ माझ्यापुढं ताठ चालत होता.

प्रवेशाबरोबर एक पातळ पुस्तिका मिळाली. विद्यापीठ नवं झालं होतं, म्हणून नियमही नवे छापले होते. ट्रंक न्यायला भाऊ माझ्याबरोबर घरी आला, तेव्हा बसमध्ये त्यानं ते वाचून दाखवले. परवानगीशिवाय सभा घ्यायची नाही. वर्तमानपत्रात लिहायचं नाही. स्टेजवर बोलायचं असेल तर आधी कागदावर लिहून प्राचार्यांना दाखवायचं, शिक्का घ्यायचा आणि तेवढंच वाचायचं.

मी म्हटलं, "ठीकच हाय. ज्याच्या घरी राहायचं त्याची रीत पाळायची."

"अक्का, त्यांच्या घरी मी फुकट न्हाई राहून राह्यलो. तू मेंढरं इकून पाठवतीस."

"मंग माझं ऐक. कमी बोल."

हे मी त्याला लहानपणापासून सांगत होते. उपयोग कधीच झाला नाही.

तो गेल्यावर घर एकदम रिकामं झालं. टाकून दिलेल्या बाईकडं गावातल्या बायका कामापुरत्या येत, बसत नसत. दिवसभर मी गोदावरीकडच्या माळावर मेंढरांमागं असे, आणि तिथं बोलायचं म्हणजे ओरडायचं. मला बोलणं मिळायचं ते भावाच्या पत्रातून. आठवड्याला एक पत्र यायचं, दोन्ही बाजूंनी भरलेलं. इतिहासाचे मास्तर कसे नाक ओढतात, शेजारच्या खाटेवरचा मुलगा झोपेत हिशेब कसा सांगतो, सगळं तो लिहायचा. मी हळू वाचत असे. एक पत्र मला चार दिवस पुरायचं.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात कॉलेजचं संमेलन होतं. वसतिगृहातल्या जीवनावर बोलायला त्याला निवडलं होतं. त्यानं भाषण लिहून दिलं. ते परत आलं तेव्हा चार ओळींवर तांबडी शाई फिरवलेली होती. त्या ओळी त्यानं मला पत्रात लिहून पाठवल्या. वसतिगृहात काही जातींच्या मुलांना मोरीजवळ बसवून शेवटी वाढतात. आमच्यासारख्या मेंढरांमागच्या पोरांची पंगत त्यांच्या जरा अलीकडं असते. आणि पुस्तिकेत याबद्दल एकही नियम नाही. एवढंच होतं.

"मी नियम मोडला न्हाई," त्यानं लिहिलं होतं. "मंजूर तेवढंच वाचलं. तांबड्या शाईपाशी आलो तेव्हा थांबलो, म्हटलं, 'इथं चार ओळी होत्या,' आणि पुढं वाचलं."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यावर राहिलं असतं तर निभलं असतं. पण दुसऱ्या दिवशी पंगतीत पातळ वरण आलं, तेव्हा कोणीतरी वाटीत बघून म्हणालं, "इथं डाळ होती." मग ते सुरूच झालं. नळाला पाणी आलं नाही की, "इथं पाणी होतं." रेक्टरसाहेबांच्या डोक्यावर केस कमी होते. ते जिन्यातून उतरताना मागून आवाज आला, "इथं केस होते." हे वाचून मी चुलीपुढं एकटी बसून मोठ्यानं हसले. तसं हसल्याला बरीच वर्षं झाली होती.

पुढच्या आठवड्यात भावाचं पत्र आलं नाही, कॉलेजचं आलं. पालकांनी समक्ष यावं, नाहीतर नाव कमी करण्यात येईल. मी मेंढरं चुलत्याकडं सोपवली आणि गेले.

भाऊ प्राचार्यांच्या खोलीबाहेर उभा होता. "माफी मागणार न्हाई," एवढंच म्हणाला. त्याला आत येऊ दिलं नाही.

प्राचार्य सभ्य होते. त्यांनी मला खुर्ची दिली. म्हणाले, "बाई, मुलगा हुशार आहे, पण हट्टी आहे. माफी लिहून देत नाही."

"त्यानं जे लिहिलं, ते खोटं हाय का?"

"खरं-खोटं हा प्रश्न नाही. शिस्तीचा प्रश्न आहे."

"शिक्का मारलेलंच वाचलं म्हणतोय तो."

"आणि शिक्का नसलेलं सगळ्यांना ऐकू गेलं," ते म्हणाले. त्यांचं म्हणणं मला कळलं. माणूस मूर्ख नव्हता.

त्यांनी एक कागद पुढं केला. मुलगा माफी मागत नसेल तर पालकांनी हमी द्यावी. माझा पाल्य या कॉलेजात असेपर्यंत स्टेजवर, सभेत किंवा वर्तमानपत्रात काहीही बोलणार वा लिहिणार नाही. तसं घडल्यास नाव कमी करण्यास माझी हरकत राहणार नाही. मी ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं. प्राचार्यांनी दोनदा घड्याळ बघितलं. भाऊ दाराबाहेर चार हातांवर होता. मी उठून त्याला विचारू शकले असते. मी टाक घेतला आणि सही केली.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "काय झालं?"

"परीक्षेला बसता येईल."

"कशावर?"

"हमी दिली. तू बोलणार न्हाईस अशी."

"वाचलं का आधी?"

"वाचलं."

"सगळं?"

"सगळं."

 तो म्हणाला, "त्यापेक्षा तुला अंगठाच येत असता तर बरं झालं असतं." मला बसपर्यंत सोडायला तो आला, पण वाटेत पुन्हा बोलला नाही.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. "सर्व खुशाल. अधिक लिहिण्यास पालकांची मनाई आहे." मला राग आला. मी उलट लिहिलं, 'वेडेपणा बंद कर. मी स्टेजवर बोलू नको असं लिहून दिलं, मला लिहू नको असं न्हाई.' दुसरं कार्ड आलं. तेच शब्द होते. चार-पाच कार्डांनंतर त्यानं मनाईचं वाक्यही सोडलं. "सर्व खुशाल" एवढंच उरलं. मला वाटलं, पोरगं आहे, महिनाभरात निवळेल. ते निवळलं नाही. वाचायला काही नसायचं म्हणून अंबडच्या बाजारातून गूळ बांधून आलेला कागद मी सपाट करून वाचायचे. जुनी पत्रं वाचून उपयोग नव्हता, ती पाठ होती.

तो चांगल्या नंबरानं पास झाला. कॉलेजनं दाखल्यावर 'वर्तन चांगले' लिहून दिलं, आणि त्या दाखल्यावर त्याला हसनाबादला मास्तरची नोकरी लागली. माझं चुकलं असं मी तेव्हा म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. नाव कमी झालं असतं तर तो घरी आला असता, माझ्याबरोबर माळावर फिरला असता, दिवसभर बडबडला असता. मला तेच हवं होतं आणि तेच होऊ द्यायचं नव्हतं.

लग्न ठरलं हे सांगायला तो आला. जेवताना सासरची माणसं, शाळा, सगळं दोन-दोन शब्दांत सांगून झालं. मी म्हटलं, "पयल्यासारखं बोलत का न्हाईस?"

"सवय गेली."

"राग हाय अजून?"

"राग न्हाई. एक विचारायचंय फक्त. मी दाराबाहेरच उभा होतो ना? मला का न्हाई विचारलं?"

"विचारलं असतं तर न्हाई म्हणाला असतास."

"हो."

"मंग? म्हणूनच न्हाई विचारलं."

त्यानं मान हलवली. आणखी भाकरी देऊ का विचारलं तर नको म्हणाला. हात धुऊन आला आणि अंबडची बस अजून त्याच वेळेला असते का, एवढं विचारलं.