आडवं गेलेलं लोकरीचं मांजर

माझ्या ताईचं लग्न एका मांजरानं अडवलं होतं, आणि ते मांजर मी स्वतः मशीनवर भरलेलं होतं. हसू नका, आधी ऐकून तर घ्या.

साठ-बासष्टचा सुमार असेल. कोकणातल्या आमच्या मिठबावात वीज नव्हती, पण घरात पायमशीन होतं आणि मशीनवर मी होते. मुंबईच्या आतेबहिणीनं मला फुगीर भरतकाम शिकवलं होतं. मोडक्या छत्रीची काडी हेअरपिनसारखी वाकवायची, तिच्यावर लोकर गुंडाळायची, कापडावर ठेवून मधोमध टीप मारायची आणि काडी ओढून काढायची. लोकरीचे फासे उभे राहतात. ते कात्रीनं कापून फणीनं विंचरले की मऊ मऊ केसाळ अंग तयार. हे शिकल्यापासून घरातलं एकही कापड मी सपाट राहू दिलं नव्हतं.

ताईच्या रुखवतासाठी पांढरा ससा करायचं ठरवलं. पण आमच्याकडे लोकर मिळणार कुठे? त्या उकाड्यात स्वेटर घालतो कोण? शेवटी काकांचा मुंबईहून आलेला जुना स्वेटर उसवला. तो निघाला काळा. आता काळा ससा कुणी बघितलाय? मी कान आखूड केले, शेपटी लांबवली आणि मांजर केलं. इतकं हुबेहूब, की आमचा बोका त्याला वळसा घालून जायचा.

असली वस्तू रुखवतात लाडवांच्या मागे ठेवायची? मला काही पटेना. वऱ्हाड यायच्या वेळी मी ती गुपचूप मांडवाच्या तोंडाशी पायपुसणं म्हणून अंथरली. म्हटलं, नवरदेवाकडच्या रेडीच्या लोकांना पहिलं हेच दिसू दे.

दिसलं. सगळ्यांच्या पुढे नवरदेवाचे मामा होते. जन्मभर गलबतावर तांडेल, खलाशांचा म्होरक्या, शकुन बघितल्याशिवाय पाण्यात पाय न घालणारा माणूस. त्यांनी हात पसरून अख्खं वऱ्हाड थांबवलं.

"मांजर आडवां आसा."

"मामानु, तां लोकरीचां आसा," बाबा म्हणाले.

"तां माकाय दिसता. पण जित्यां मांजर आडवां गेलां तर माणूस वायच थांबता, मगे चलाक लागता. ह्यां जाणाच नाय. थांबाचां किती?"

आतून भटजी मुहूर्त टळतोय म्हणून ओरडत होते. हा टळला की पुढचा थेट चातुर्मास संपल्यावर. आतल्या खोलीत मुंडावळ्या बांधलेली ताई रडायला लागली.

मी धावले, पायपुसणं उचललं आणि नवरदेवाच्या नाकासमोरून या बाजूचं त्या बाजूला पळवत नेलं.



"आता गेलां आडवां," मामा म्हणाले आणि थांबायचं म्हणून खाली बसले.

"परत घेऊन येतंय," मी म्हटलं.

"म्हंजे दोनदा."

आई माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, तिचं वर्णन नको. शेवटी देवळात गाऱ्हाणं घालणारे आमचे गावकारआजोबा नारळ घेऊन उभे राहिले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" दोन्हीकडची माणसं.

"आज तुझ्या लेकराच्या लग्नात लोकरीचां मांजर आडवां गेलां. काय वाकडां-नाकडां असात तां दूर कर, वाट मोकळी कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मामांचं समाधान झालं. उठून त्यांनी धोतर झटकलं, नवरदेवानं पाऊल उचललं. मी सुटकेचा निःश्वास सोडला. पण आजोबांचा नारळ अजून वरच होता, आणि नजर माझ्यावर.

"आणि ह्या धाकट्या चेडवाक परत शिवणाच्या मशीनीर बसाची बुद्धी देऊ नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

त्यातला सगळ्यांत मोठा होकार आतल्या खोलीतून आला. ताईचं रडणं तेवढ्यापुरतं थांबलं होतं.