कडुनिंबाला बांधलेली स्कूटर

आमच्या विद्यापीठातले एक हेडक्लार्क फाटकाजवळच्या कडुनिंबाला रोज आपली स्कूटर साखळीने बांधायचे. “काका, बैल आहे का?” कोणीतरी विचारायचंच.

“बैलापेक्षा वांड आहे, बापा!”

यंदा ‘हरित परिसर’ लिहिलेल्या कमानीसाठी तो कडुनिंब तोडायचं ठरलं. आरीवाले आले, तर बुंध्याला स्कूटर. काका म्हणाले, “किल्ली हरवली ना गा.” झाड तोडायची लेखी परवानगी होती, साखळी तोडायची नव्हती. आरीवाले परत गेले.

तेव्हापासून काका भर उन्हात शहराच्या टोकाच्या बेसा वस्तीतून बसने येतात. मी कुतूहलाने विचारलं, “सापडली किल्ली?”

“शोधून राहिलो.” त्यांच्या खिशात काहीतरी किणकिणलं.

दुसऱ्या दिवशी मीही माझी गाडी त्याच झाडाला बांधली आणि संध्याकाळी बसथांब्यावर त्यांच्या शेजारी उभा राहिलो.