एक तरी प्रश्न

आमच्या दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळ्या देणाऱ्या बाई प्रत्येकाला आधी विचारतात, "शाळा कुठची हो तुमची?" मी एकदा कारण विचारलं.

"काही शाळांत प्रश्न विचारला की छडी मिळायची. ती माणसं डॉक्टरांपुढेही नुसती मान हलवतात."

मी शहरात मामाकडे शिकलो. थोरला भाऊ मंडणगडला, तसल्याच शाळेत. बरं वाटताच त्याने गोळ्या सोडल्या, कुणालाही न विचारता. शिमग्याआधी तो गेला.

काल गोळ्या कशा घ्यायच्या ते ऐकून एका म्हाताऱ्याने नुसती मान हलवली. बाईंनी पुडी मागे घेतली.

"एक तरी प्रश्न विचारा, आजोबा. मगच देईन."

"बाय, एसटी चुकेल."

"चुकू दे."

रांग थांबली. आजोबा खाली बघत पुटपुटले, "बरं वाटलं की बंद करू काय?"

"नाय. कधीच नाय," म्हणत बाईंनी पुडी त्यांच्या हातात ठेवली.