धार चांगली होती

धार चांगली होती. चूक माझी होती, आणि ते मला त्याच क्षणी कळलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळाआधीचं वर्ष. नगरच्या एका इस्पितळात मी तपासणीच्या खोलीत कामाला होतो. ऑपरेशन चालू असतानाच पेशंटच्या गाठीचा तुकडा आमच्याकडे यायचा. नळकांड्यातला वायू सोडून तो मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर गोठवायचा आणि जाड पात्यानं त्याचे केसाहून बारीक काप काढायचे. ते डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. पात्याला धार लावायला सोनईचे एक म्हातारे न्हावी ठेवले होते. आधी दगडावर, मग चामड्यावर, तासभर त्यांचा हात चालायचा.

त्या दिवशी घाईत मी वायू जास्त सोडला. तुकडा दगडासारखा झाला. अशा वेळी वरचा गोठा जरा विरघळून तो पाणावेपर्यंत थांबायचं असतं. मी थांबलो नाही. कापाऐवजी चुरा पडला.

“दादा, लई गोठलंय. वाईच दम धरा,” म्हातारे म्हणाले.

डॉक्टर दारात येऊन उभे. “काय झालं?”

“पात्याला धारच नाही, सर,” मी म्हणालो.

म्हाताऱ्यांनी पातं काढून स्वतःच्या मनगटावरून फिरवलं. केस भुरभुर खाली पडले. “ही बघा की धार!”

डॉक्टरांनी बघितलं नाही. “जा, गावात म्हशी भादर.”

खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. म्हातारे फाटकाबाहेर पडले असतील-नसतील, तोवर तुकडा पाणावला. त्याच पात्यानं सुरेख काप निघाला. तो डॉक्टरांपुढे ठेवून मी पुढच्या कामाला लागलो.

तीन वर्षांनी मेव्हण्याबरोबर म्हैस बघायला घोडेगावच्या बाजारात गेलो. उकिडवे बसून म्हातारे खरंच एक म्हैस भादरत होते.

“सांभाळून, बाबा,” व्यापारी ओरडला, “धारेपायी इस्पितळानं हाकललेला हात हाय तुमचा!” भोवतालचे हसले.

म्हाताऱ्यांनी मला ओळखलं. “सोनईत आता दाढीला कोन गाल देत न्हाई, दादा,” ते म्हणाले. “म्हस तेवढी नावं ठेवत न्हाई.”

मी त्या शेणात त्यांच्यासमोर बसलो आणि व्यापाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, “बाबा, धार चांगली होती. मी घाई केली आणि खोटं बोललो. मला माफ करा.”