रेल्वेची इर्जिक

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. आईला राग येतच नाही, आणि त्याचाही मला राग येतो.

टाळेबंदी उठली, पण मंदी काही उठायचं नाव घेईना, तेव्हाची ही गोष्ट. पुण्यात मी ज्या छापखान्यात कामाला होते तो बंद पडला आणि मी चंबूगबाळं आवरून भोंगवलीजवळच्या आमच्या वस्तीवर परत आले. सगळीकडं कामं ठप्प होती. पानशेतला बंगले बांधणारे गवंडीसुद्धा घरी बसून होते. चालू होतं ते एकच काम. नीरेच्या पलीकडं रेल्वेचा दुसरा मार्ग पडत होता आणि रुळांखाली अंथरायची खडी आमच्या डोंगरातल्या क्रशरवरून जात होती. त्या क्रशरवर माझी आई मुकादम होती. तिच्या हाताखाली तीस बायका.

यंत्रातून पडलेल्या खडीतले चपटे आणि कच्चे दगड वेचून काढायचे, हे बायकांचं काम. दगड कच्चा की पक्का हे आई हातोडीच्या एका टिचकीत सांगायची. पक्का काळा दगड खणकन वाजतो, कच्चा नुसता बद्द. यंत्राच्या एवढ्या खडखडाटात तिला ते ऐकू कसं यायचं, देव जाणे. कुणाच्या पाटीत कच्चा दगड राहिला तर ती अख्खी पाटी पालथी करायची. "पुन्यांदा येच. वरनं माणसं जायची हायेत बाय," एवढंच म्हणायची. मला विचाराल तर मी असा कान कुठल्या गवयाचाही पाहिला नाही.

क्रशरच्या मालकानं मंदीत काम हातचं जायला नको म्हणून टेंडरला भाव पाडून भरला होता. त्याच्या हिशोबाच्या कागदावर सुरुंग होता, डिझेल होतं, यंत्र होतं, ट्रक होते. वेचणी कुठंच नव्हती. ती 'किरकोळ'मध्ये. "बायका काय, बसूनच तर असतात," असं तो हसत हसत म्हणायचा. मग डिझेल भडकलं आणि पाडलेला भाव त्याच्याच अंगाशी आला. खाणीवरचा तांबूस, ठिसूळ थर आधी काढून टाकावा लागतो. पैसे वाचवायला त्यानं तो काढायचा बंद केला आणि सगळाच दगड यंत्रात घातला.

"शेठ, हे चालायचं न्हाई," आईनं दोनदा सांगितलं.

"मग वेचा की! त्यासाठीच ठेवलंय ना तुम्हाला?"

बायकांचे हात पुरेनात आणि न वेचलेल्या खडीचा ढीग डोंगराएवढा झाला. रेल्वेचे साहेब तपासायला आले, त्यांनी चार ठिकाणी खोदून पाहिलं आणि सगळा ढीग नापास केला. आठ दिवसांनी परत येईन, ढीग असाच दिसला तर काम दुसऱ्याला देईन, असं बजावून गेले. मालक डोक्याला हात लावून बसला. "बाई, उद्यापासून बायकांना येऊ नका म्हणावं. वेचून घ्यायचा तर मजुरीला पैसा नाही. बंद करतो मी हे."

घरी आल्यावर मी म्हटलं, "बरी जिरली त्याची!" आईनं परातीत पीठ घेतलं. तीस घरांत त्या वर्षी दुसरी मिळकत नव्हती, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "इर्जिक घालावी म्हंते."

इर्जिक म्हणजे ज्याचं शेत अडलंय त्याच्या शेतावर सगळ्यांनी मिळून जायचं, एका दिवसात काम उरकायचं. मजुरी नाही. जेवण शेतवाल्याचं, आणि पुढं ज्याची त्याची पाळी आली की त्यानं त्याच्याकडं राबायला जायचं. आम्हाला वीतभरही शेत नव्हतं. आई जन्मभर दुसऱ्यांच्या इर्जिकीला गेली, जेवली आणि परत आली. पाळी शेताला असते, त्यामुळं आमच्या दाराशी ती कधी आलीच नाही. आणि ही बाई आता इर्जिक घालणार होती, तीही खडीच्या ढिगावर!

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" मी ओरडलेच. "रेल्वे काय आपली भावकी लागते? कोट्यवधींचं काम त्यांचं, आणि दगड तुम्ही फुकट वेचायचे?"

"फुकट कोन म्हनलं? पाळीनं."

दुसऱ्या दिवशी तिनं मालकाला चावडीसमोर उभं केलं आणि चारचौघांत कबूल करायला लावलं. ज्या घरचं माणूस येईल त्या घरची पाळी मी फेडीन, असं तो म्हणाला. बुडत्या माणसानं त्या घटकेला काहीही कबूल केलं असतं. एका मटणाच्या जेवणावर भागेल, असा त्याचा होरा असणार.

कुणी येणार नाही याची मला खात्री होती. सकाळी जाऊन पाहते तर तीस बायका, त्यांचे नवरे, सुना, कामथडीहून टेम्पो करून आलेल्या नणंदा! आणि त्यांच्यामागून शेतवाले. ज्यांच्या बांधावर आई वर्षानुवर्षं राबली ते बागायतदार म्हातारे आजोबा काठी टेकत आले. "आमच्या भाताला तू किती येळा आलीस, आमी मोजलं न्हाई. आज पयल्यांदा तू हाक मारलीस," असं म्हणाले आणि पाटी ओढून बसलेसुद्धा. मी ढिगामागं जाऊन रडले. खोटं कशाला सांगू, अभिमानानं ऊर भरून आला होता.

एका दिवसाची इर्जिक सहा दिवस चालली. माझी नखं तुटली, आणि आईनं माझी पाटी तीनदा पालथी केली, मुलगी म्हणून काडीची सूट नाही. बजावल्याप्रमाणं आठव्या दिवशी साहेब आले, खोदलं, वाजवून पाहिलं आणि सही केली. क्रशर पुन्हा सुरू झालं.

मालकानं घरोघरी पेढ्यांचे पुडे पाठवले. आई आमचा पुडा घेऊन त्याच्या दारात गेली. "पेढं ग्वाड हायेत शेठ. पाळी कवा?"

तो कुरकुरला, पण चावडीसमोरचा शब्द होता. वैशाखभर त्याचं जेसीबी घरोघर फिरलं. कुणाचा बांध घातला, कुणाच्या विहिरीतला गाळ काढला. ड्रायव्हरला वस्त्या ठाऊक नव्हत्या, म्हणून मालक स्वतः पुढं मोटारसायकलवर. लोक त्याला चहा पाजत. ज्या बायका बसूनच असतात असं तो म्हणायचा, त्यांची घरं त्यानं पहिल्यांदा पाहिली.

सगळ्यात शेवटी आमची पाळी. आमच्याकडं ना बांध, ना विहीर. मालक अंगणात उभा राहिला आणि त्यानं खिशातून पाकीट काढलं.

"ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. "पाळी कामाची असती. उद्या माझ्या रांगंला बसा."

आणि तो बसला! पांढऱ्या पँटीत, उन्हात, तीस बायकांच्या मध्ये. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याची कशीबशी एक पाटी भरली. आई आली, तिनं हातोडीची टिचकी मारली. बद्द. तिनं सगळी पाटी त्याच्या पायाशी पालथी केली. बायका पदर तोंडात धरून हसत होत्या. मालकही हसायला गेला, पण त्याच्या बोटांतून रक्त येत होतं.

त्यानं त्यातला एक दगड उचलून वाजवून पाहिला. मग म्हणाला, "बाई, रेल्वेच्या पुढच्या टप्प्याचा भाव भरायचाय. वेचणीचं काय धरू?"

आईनं रिकामी पाटी त्याच्यापुढं सरकवली.

"आधी ही भरा. मग तुमीच सांगा."