कानिशाय-एजेने चेहरे झाकले

कानिशाय आमच्या बिश्केकच्या ऑफिसात प्रोग्रॅमर म्हणून आली, तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती. त्याआधी वीस वर्षं नारिन गावच्या शाळेत गणित शिकवलेलं. आम्ही तिला तोंडावर एजे, म्हणजे ताई म्हणायचो. पाठीमागे आजी.

शिवणकारखान्यातल्या बायकांसाठी आम्ही तक्रारी नोंदवायची वेबसाइट करत होतो. कामाच्या वेळी कारखान्याच्या मागच्या दाराला कुलूप असायचं. आग लागली तर सुटका नाही. त्याचे फोटो बायकांकडे होते, पण फोटोत चेहरेही होते. त्यांची अट एकच: चेहरे आपल्या फोनवरच, ब्राउझरमध्येच धूसर व्हावेत, मगच फोटो बाहेर जाईल. थोडं धूसर केलं तर मुकादम ओळखणार. जास्त करू गेलं की त्यांचे जुने फोन अर्धा मिनिट गोठायचे.

"सोडा एजे," आमचा प्रमुख तालाय म्हणाला, "या फोनांत दमच नाही."

"फोनला कशाला बोल लावतोस? फोटोतला एक ठिपका धूसर करायला तू शेजारच्या साडेसहा हजार ठिपक्यांची सरासरी काढतोस. पुढच्या ठिपक्याला पुन्हा पहिल्यापासून! अरे, एक पाऊल सरकलास की मागे सुटलेला वजा कर, नवा आलेला मिळव. बाकीची बेरीज तयारच आहे ना?"

आधी आडवं, मग उभं, असं तीनदा. कितीही धूसर करा, वेळ तेवढाच. पहिल्यांदा फोटोच्या कडा काळ्याठिक्कर आल्या. तालाय हसला. एजेने काठाबाहेरचे, मुळात नसलेले ठिपके काळे धरून मोजणं बंद केलं आणि आठवड्यात काम फत्ते केलं.

सायराकान ही त्या बायकांतली सगळ्यांत वडील. तिने तडा गेलेल्या फोनवर फोटोतल्या स्वतःच्या चेहऱ्यावर बोट फिरवलं. बोट पुढे, चेहरा गायब.

"अगं बाई! आता माझ्या सासूलासुद्धा ओळखू यायची नाही मी!"

"तिला चष्मा लावूनही येत नाही," दुसरी म्हणाली.

त्याच दुपारी एकेचाळीस फोटो आले. ते पाहून नवव्या दिवशी सरकारी तपासनीस कारखान्यात शिरले आणि त्यांच्यासमोर कुलूप तोडलं गेलं. एकाही बाईचं नाव फुटलं नाही.

सायराकान परातभर गरम बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळून ऑफिसात घेऊन आली. एजे खुर्चीवर चढून टाळ्या पिटत होती.

"आजी, पडाल!" तालायच्या तोंडून निसटलं.

"आजी कोणाला रे? चल, फळ्यापाशी ये. मी काय केलं ते सगळ्यांना समजावून सांग. चुकलास तर बोर्सोक बंद!"