कधीच न पडलेला घोडा

मी साताऱ्याकडचा सुतार. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दोह्याला गेलो तेव्हा हातात कसब होतं आणि डोक्यात त्याहून जास्त माज. आधी शहरातल्या मुशैरिब भागात दुकानांची दारं आणि फळ्या केल्या. ते काम पाहून एका अरबाबानं, म्हणजे मालकानं, मला शहराबाहेरच्या आपल्या शेतावर नेलं. तिथल्या तबेल्याची सगळी दारं मी नवी केली. अरबाब दार ढकलून बघायचा, ते कुरकुरायचं नाही, आणि तो माझ्या पाठीवर थाप मारायचा. मला तेवढं पुरायचं.

तबेल्यात अरबी घोड्यांच्या शेजारी एक उंच, तपकिरी इंग्लिश घोडा होता. त्याचा मोतद्दार रायगडचा, माथेरानला पर्यटकांचे घोडे धरत मोठा झालेला, माझ्याहून पंधरा वर्षांनी वडील. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला मिस्त्री. आम्ही एकाच खोलीत राहायचो. अरबाबानं त्याला या घोड्याबरोबर इंग्लंडला धाडलं होतं आणि चार हिवाळे तो तिथे राहिला होता.

तिकडे हिवाळ्यात अडथळ्यांच्या शर्यती होतात. वाटेत कमरेएवढ्या लाकडी चौकटी रोवलेल्या, त्यांत काटक्या विणलेल्या, आणि घोड्यांनी भरधाव वेगात त्या ओलांडायच्या. पहिल्या हिवाळ्यात हा घोडा उतावीळ होता, सुरुवातीलाच सगळा दम खर्चून टाकायचा. मग स्वाराला कळलं की याला शेवटच्या दोन अडथळ्यांपर्यंत इतरांच्या मागे दडवून ठेवायचं. दुसऱ्या हिवाळ्यापासून तो जिंकायला लागला. तिसऱ्यात, फार जिंकतो म्हणून नियमाप्रमाणे त्याच्या पाठीवर जादा वजन लादलं, तरी जिंकला. चौथ्यात पुढच्या पायाची शीर सुजली तेव्हा अरबाबानं त्याला थांबवलं आणि दोह्याला आणलं. "चार वर्सांत एकदाबी पडला नाय," भाई म्हणायचा. हे तो इतक्यांदा म्हणायचा की मी चिडवायचो, "भाई, तुमचा घोडा नाही, तुमचा जावई आहे." तो हसायचा, पण बोलणं थांबवायचा नाही.

पुढच्या थंडीत घोड्याचा पाय बरा झाला. अरबाबाच्या वडिलांची नजर जात चालली होती. ती पुरती जायच्या आत एकदा तरी त्या घोड्याची उडी बघायची, एवढंच त्यांनी मुलाजवळ मागितलं. अरबाबानं मला बोलावून तीन अडथळे करायला सांगितले.

नमुना म्हणून माझ्यासमोर एकच गोष्ट होती: खोगिरांच्या खोलीतला एक फोटो. त्यात घोडा हवेत होता आणि त्याच्या पोटाखालची चौकट पुढे कलली होती. मला त्या इंग्रज सुताराची कीव आली. भाईला म्हणालो, "बघा, घोड्याचा पाय लागला नाही तोच वाकली. याला काम म्हणतात?"

भाई म्हणाला, "मिस्त्री, ती तशीच असते. यो घोडा उंच उडत नाय. वरच्या पट्टीला पाय घासून जातो, पट्टी झुकते, त्यात त्याचा टाइम वाचतो. तू पन जरा ढिली ठेव."

ढिली ठेव. मला ते फार झोंबलं. मी म्हणालो, "भाई, तुम्ही घोडा सांभाळा. वारा सुटल्यावर चौकट आडवी झाली, तर लोक घोड्याला नाही, मला हसतील."

मी सागाचे खांब घेतले, वाळूत हातभर खड्डे खणून सिमेंटमध्ये रोवले. वरच्या पट्ट्या बोल्टांनी आवळल्या. काम झाल्यावर अरबाबासमोर मी स्वतः एका चौकटीवर उभा राहून उड्या मारल्या. ती हलली नाही. अरबाब खूश झाला. भाई पुन्हा काहीतरी बोलायला गेला, तेव्हा अरबाब म्हणाला, "खलास, बहुत अच्छा है." भाई घोड्याकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर पाहुणे जमले. म्हाताऱ्या वडिलांची खुर्ची अगदी कुंपणाला लावली होती. सुदानी स्वारानं घोडा सोडला. पहिली चौकट घोड्यानं नवखेपणानं उंच ओलांडली, आणि सगळ्यांनी वाहवा केली. मग त्याला जुनी लय सापडली. दुसऱ्या चौकटीकडे तो इंग्लंडात जायचा तसा गेला, कान टवकारून, अंग जमिनीलगत ठेवून. त्याच्या हिशेबानं ती झुकायला हवी होती. ती झुकली नाही.

स्वार वाचला. घोड्याचा पुढचा पाय मोडला होता. डॉक्टर येईपर्यंत भाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन वाळूत बसला. मग डॉक्टरनं इंजेक्शन दिलं.

मी चौकटीजवळ गेलो. तिला काहीही झालं नव्हतं.

संध्याकाळी अरबाब पाहुण्यांना म्हणाला, "बुढ्ढा हो गया था. पाँव नहीं उठा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. व्हिसा अरबाबाच्या हातात होता आणि घरी दोन लेकी होत्या. पण नुसती भीती नव्हती. 'मिस्त्री चुकला' हे मला तोंडानं म्हणताच येईना.

भाई तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाला, "मी अरबाबाला सांगितला तर ती चुगली व्हईल. तू सांग. माझी नोकरी तशीबी गेली, घोडाच नाय तर मी काय करू? पन घोडा चुकला असा लोक बोलतात, ता मना सहन व्हत नाय. तो चुकला नव्हता, मिस्त्री."

मी म्हणालो, "सांगतो."

भाईचं तिकीट आठवड्यानं होतं. मी दोनदा अरबाबाच्या बैठकीच्या दारापर्यंत गेलो. एकदा आत माणसं होती. दुसऱ्यांदा अरबाब एकटाच होता. त्यानं मला चहा दिला आणि नव्या घराची सगळी दारं माझ्याकडून करून घ्यायची म्हणाला. मी चहा प्यायलो, शुक्रन म्हणालो आणि परत आलो.

विमानतळावर भाईला सोडायला मीच गेलो. त्याच्याकडे एक बॅग आणि दोरीनं बांधलेली चादर होती. आत जाण्याआधी तो वळला. "सांगितलास?"

"हो," मी म्हणालो. "काल सांगितलं."

"मग? काय बोलला अरबाब?"

मला वेळ लागला नाही. लाकूड न मोजता कापावं तसं मी बोलून गेलो. "म्हणाला, घोड्याची चूक नव्हती."

भाईनं माझे दोन्ही हात हातात घेतले. घोडा गेला त्या दिवशी तो रडला नव्हता, आता रडला. म्हणाला, "अल्ला तुझा भला करो, मिस्त्री. मोठा काळीज लागता असा सांगाया." आणि आत गेला.